तारीख भिंतीवर लिहा



जुन्या घराची जमीन नवी करायची म्हणजे मोठे काम. जुनी फरशी उखडायची, मुरूम धुमसायचा, त्यावर काँक्रीटचा थर ओतायचा. मग वर कोबा किंवा दुसरे काही. या दोन थरांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत? आज आपण तेवढेच पाहू.

पुष्कळांना वाटते, काँक्रीट वाळले की घट्ट होते. तसे नाही. मातीची भिंत वाळून घट्ट होते. सिमेंट मात्र पाणी पिऊन घट्ट होते. पाणी लवकर आटले, तर ते कच्चे राहते. म्हणून काँक्रीटच्या दोन मुदती ध्यानात ठेवा. पहिली ओले ठेवण्याची. दुसरी सुकू देण्याची.

आधी पहिली मुदत. सिमेंटच्या पिशवीवर त्याची जात छापलेली असते. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा पिशवी टाकण्याआधी वाचा. ओ.पी.सी. म्हणजे साधे सिमेंट. त्याला निदान ७ दिवस पाणी मारावे, कडक उन्हाळ्यात १० दिवस. पी.पी.सी. मध्ये बहुधा कोळशाच्या वीजकेंद्रातली राख मिसळलेली असते. ते सावकाश घट्ट होते. त्याला निदान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस पाणी द्यावे.

सकाळी एकदा पाणी शिंपडले म्हणजे झाले, असे नाही. थर सतत ओला राहिला पाहिजे. पाणी लांबून आणावे लागत असेल, तर ओले गोणपाट अंथरा. पाणी कमी लागेल. हे काम एकट्या घरच्या बाईवर टाकू नका. सगळ्यांनी पाळ्या लावा.

आता वर काय घालायचे, ते पाहा. सिमेंटचा कोबा करायचा असेल, तर खालचा थर पुरता सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिली मुदत संपली की तो खरवडा, झाडा, धुवा. थर ओलसर हवा, पण वर पाणी साचलेले नको. अगदी कोरडा थर नव्या कोब्यातले पाणी ओढून घेतो. मग कोबा खालून सुटतो आणि ठोकला की पोकळ वाजतो. नव्या कोब्यालाही पुन्हा पाणी मारायचे, हे विसरू नका.

लाकडी फळ्या किंवा प्लास्टिकची चादर चिकटवायची असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दुसरी मुदत पाळावीच लागते. ५० किलो सिमेंटला घट्ट व्हायला सुमारे १२ लिटर पाणी पुरते. पण माल कालवायला त्याच्या दुपटीच्या आसपास लागते. उरलेले पाणी हळूहळू वर येऊन उडून जाते. अंदाज असा, की पाणी मारणे थांबवल्यावर १ इंच जाडीला १ महिना. म्हणजे ४ इंचांना ४ महिने. पावसाळ्यात त्याहून जास्त.

ओल पाहायची एक सोपी रीत आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा. चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. रात्रभर राहू द्या. सकाळी खाली दव दिसले किंवा जमीन काळपट दिसली, तर अजून थांबा.

गवंडी म्हणेल, "कशाला थांबता? उद्याच उरकून टाकू." त्याचेही खोटे नाही. त्याला पुढचे काम गाठायचे असते. पण जमीन उखडली, तर कर्ज कोणाच्या डोक्यावर बसते? आपल्याच ना? म्हणून काम ठरवतानाच त्याच्याशी दिवस ठरवून घ्या. घरात लग्न निघाले असेल, तर आधी हे दिवस मोजा आणि मगच जमिनीला हात घाला.

आणि एक करा. काँक्रीट ओतले, ती तारीख खडूने भिंतीवर लिहा. खाली पाणी थांबवण्याची तारीख लिहा. मग कोणी घाई केली, तर वाद घालू नका. भिंतीकडे बोट दाखवा.