जुन्या मोटारीचा कार्बोरेटर आणि पेट्रोलचा खर्च



भाजीच्या पाट्या किंवा दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला जाणाऱ्या जुन्या मोटारी अजूनही काही गावांत दिसतात. कुणाची प्रीमियर पद्मिनी, कुणाची सुरुवातीच्या काळातली मारुती ८००, कुणाची पेट्रोलवरची जीप. "गाडी चांगली आहे हो, पण पेट्रोल फार पिते," ही मालकाची ठरलेली तक्रार. पुष्कळदा इंजिन ठणठणीत असते. घोटाळा कार्बोरेटरात किंवा त्याच्या आसपास असतो.

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करतो. वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल, हे प्रमाण. हवा अडली की पेट्रोल वाढलेच म्हणून समजा.

पण पाना हाती घेण्याआधी हिशेब करा. टाकी गच्च भरा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा गच्च भरा. समजा १८० किलोमीटर झाले आणि १५ लिटर बसले, तर लिटरला १२ किलोमीटर पडले. हा आकडा नसेल, तर दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार? चाकांतली हवा कमी आहे का, ब्रेक धरून बसतो का, हेही याच वेळी बघा. तो दोष कार्बोरेटरच्या माथी नको.

आता एअर फिल्टर. ऊस वाहतुकीच्या आणि मळणीच्या दिवसांत रस्त्यावर फुफाटा असतो, तेव्हा तो लवकर बघावा. कागदी फिल्टर हलकेच आपटून आतून बाहेर हवा मारा, धुऊ नका. तेलाचा फिल्टर असेल तर घाण तेल काढा, रॉकेलने धुवा आणि खुणेपर्यंत नवे तेल घाला. फिल्टर काढलेलाच आहे तर चोकही पाहून घ्या. बटण पूर्ण आत ढकलल्यावर आतली झडप सरळ उभी राहिली पाहिजे. केबल गंजून झडप अर्धवट मिटलेली राहते, आणि मालक महिनोन्‌महिने पेट्रोल जाळत फिरतो!

स्पार्क प्लग काढून पाहिलात तर तो तुम्हाला खरे सांगेल. टोकावर कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तपकिरी रंग म्हणजे ठीक, पांढरटपणा म्हणजे पेट्रोल कमी. बचतीच्या हौसेने मिश्रण फार हलके करू नका. इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात, आणि तो खर्च पेट्रोलच्या कैकपट असतो.

कार्बोरेटर उघडायचा तर थंड इंजिनावर, उघड्या जागी, बॅटरीची तार काढून. जवळपास बिडी-काडी नको. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खुळखुळले तर तो भोक पडलेला आहे, बदला. नीडल व्हॉल्व्ह झिजला असेल तर वाटी भरून पेट्रोल वाहते आणि वास येतो. जेट मात्र जपा. ते मऊ पितळेचे असते. भोकात तार घातली की भोक रुंदावते, आणि मग पेट्रोल कायमचे जास्त जाते. काही मिस्त्री सर्रास तार घालतात, तेव्हा समोर उभे राहा. जेट पेट्रोलमध्ये भिजवून पंपाच्या हवेने साफ करा. नवे घेताना जुन्यावरचा नंबर बघूनच घ्या.

शेवटी मिश्रणाचा स्क्रू. जोडणी झाली, इंजिन चांगले तापले, की तो हळूहळू आवळा. इंजिन अडखळू लागले की परत सोडत या आणि ते एकसारखे चालेल तिथे थांबा. मग स्लो स्पीड बेताचा करा.

आणखी एक गोष्ट, आपल्या उसाशी नाते असलेली. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते; ते ऊस आणि धान्यापासून बनते. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे थोडे ॲव्हरेज घटणारच. त्यापायी जेट बदलत बसू नका. पण इथेनॉल पाणी ओढते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, गास्केट फुगले किंवा चिरले आहेत का, ते पाहत जा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवा.