पाषाणाची साक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. ज्ञातीचा इतिहास, वधूवरांचा प्रश्न, विद्यार्थिनिधी यांवर अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. आम्ही मात्र आपल्या पायांखालच्या काळ्या दगडाविषयी बोलणार आहोत. विषय रूक्ष वाटेल. परंतु अमरावती-अकोल्याकडील किती कुटुंबांची पुंजी एकेका कोरड्या विहिरीत गडप झाली, हे येथे जमलेल्या मंडळींस सांगावयास नको. त्या पुंजीचा या विषयाशी निकटचा संबंध आहे.

गाविलगड आणि नरनाळा ज्या डोंगरांवर उभे आहेत तो कातळ, आणि आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील जाते व पाटा-वरवंटा, ही सारी एकाच कुळीची. या कुळीस शास्त्रज्ञ असिताश्म किंवा बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून तप्त शिलारस वाहिला, थरावर थर बसले, आणि दख्खनचे पठार सिद्ध झाले. त्या रसाचे तापमान ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास होते. तो निवत असता त्यात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण तयार झाले. ५८० अंशांच्या वर या खनिजाच्या अंगी कायमचे चुंबकत्व राहू शकत नाही. त्याखाली उतरताच ते पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करते आणि थंड झाल्यावर ती सहसा सोडत नाही. लाखेवर उमटलेली मोहर लाख थंड झाल्यावर जशी पक्की होते, तसाच हा प्रकार होय. मुलांनी नदीच्या कोरड्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहावा. त्याला जे काळे कण चिकटतात, ते बहुतांशी याच वंशातले.

ही मोहर वाचण्याची विद्या फार जुनी नाही. पृथ्वी हाच एक प्रचंड लोहचुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रतिपादिले. काही खडकांतील चुंबकत्व आजच्या नेमके उलट आहे, हे फ्रान्समध्ये ब्रून यांनी १९०६ साली दाखविले. आणि पृथ्वीचे ध्रुव पूर्वी खरोखरच उलटले असावेत, असा सिद्धांत जपानच्या मातुयामा यांनी १९२९ साली मांडला. पुढे इंग्लंडमध्ये ब्लॅकेट यांनी एका निराळ्याच प्रयोगासाठी अतिशय संवेदनशील चुंबकमापक घडविला. ज्या कल्पनेसाठी तो घडविला ती कल्पना खोटी ठरली; उपकरण मात्र खडकांच्या कामी आले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या त्रयीने दख्खनच्या पाषाणांचे मापन करून १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि डॉइच यांनी हे कार्य चालविले. आपल्याच मातीतील दगड आपल्याच देशातील प्रयोगशाळेत तपासला गेला, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

त्या दगडाने साक्ष काय दिली? चुंबकसूची क्षितिजाशी जो कोन करून झुकते त्यास नमनकोन म्हणतात. विषुववृत्तावर तो शून्य, ध्रुवावर ९० अंश. दीर्घकाळाची सरासरी घेतली असता त्या कोनाची स्पर्शज्या स्थळाच्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते, असा नियम आहे. दख्खनच्या थरांत हा कोन सुमारे ४७ अंश निघतो. म्हणजे अक्षांश सुमारे २८ अंश. आणि त्याची दिशा पाहता तो अक्षांश दक्षिण गोलार्धातला ठरतो! आज अमरावती आणि अकोला २१ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहेत. एकूण अंतर ४९ अंशांचे, म्हणजे सुमारे ५,४०० किलोमीटर. ६ कोटी ६० लक्ष वर्षांनी भागले असता वर्षास सरासरी ८ सेंटिमीटर गती येते. आपण ज्यास अचल म्हणतो ती ही वऱ्हाडभूमी विषुववृत्त ओलांडून येथवर आली आहे. वेगनर याने १९१२ साली खंडे सरकतात असे म्हटले तेव्हा अनेक पंडितांनी त्याची थट्टा केली. पुढे जी प्रमाणे त्याच्या बाजूने उभी राहिली, त्यांत दख्खनच्या या पाषाणाची साक्षही होती.

आता पाण्याकडे वळू. चुंबकत्वाप्रमाणेच घनता, सच्छिद्रता आणि विजेस होणारा रोध हेही दगडाचे गुणधर्म होत. भरीव कातळातून वीज कष्टाने जाते. भेगाळलेल्या, झिजलेल्या व ओल्या मुरुमातून सुलभतेने जाते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या मातीतून तर फारच सहज जाते. जमिनीत चार खुंट्या ठोकाव्या, बाहेरील दोहोंतून प्रवाह सोडावा, आतील दोहोंमधील विद्युत्‌दाब मोजावा आणि खुंट्यांतील अंतर वाढवीत जावे, म्हणजे क्रमाने अधिक खोलीची वार्ता कळते. चुंबकमापकाचाही येथे उपयोग होतो: थरांना छेदून उभ्या चढलेल्या पाषाणभिंती त्याने ओळखता येतात, आणि अशी भिंत कित्येकदा भूजलास बांधासारखी अडविते.

आपल्याकडे या मापनाचे महत्त्व विशेष आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूंच्या मंडळींस तो अनुभवानेच ठाऊक आहे. तेथे कातळ खोल गाडला गेला असून त्यावर गाळाचे थर आहेत. काही ठिकाणी ते ३०० मीटरांहून अधिक जाड आहेत. अशा जागी खोल गेले म्हणजे गोड पाणी लागेलच, हा समज घातक होय. पाणी लागते, पण ते पिकासही चालत नाही आणि माणसासही चालत नाही.

पाणाड्याच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. परंतु झिजलेल्या मुरुमाच्या प्रदेशात कोठेही खणले तरी थोडेफार पाणी लागतेच. त्यामुळे त्याचे यश लक्षात राहते आणि अपयश विसरले जाते. यंत्राचाही बडेजाव नको. चिकणमाती आणि खारे पाणी, दोन्ही विजेस कमी रोध करतात. अरुंद खोल भेग तर यंत्रास दिसतही नाही. म्हणून मापनाबरोबर आसपासच्या विहिरींची माहिती आणि जाणत्या भूशास्त्रज्ञाचा अर्थ, दोन्ही पाहिजेत.

यास्तव तीन सूचना नम्रपणे करतो. पहिली: विहिरीसाठी कर्ज काढण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा किंवा जाणत्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि तो प्रतिकूल आला तर खणण्याचा हट्ट सोडून शेततळ्याचा विचार करावा. दुसरी: प्रत्येक कुटुंबाने आपल्या विहिरीची खोली, लागलेले थर आणि पाण्याची चव यांची नोंद ठेवावी. कोरड्या पडलेल्या विहिरीची नोंद तर अवश्य ठेवावी. कारण तिच्यामुळे शेजाऱ्याचे पैसे वाचतात. तिसरी: आपल्या मुलामुलींनी या शास्त्राकडे वळावे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. त्यासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. विद्यार्थिनिधीतून एखाद्या होतकरू विद्यार्थ्यास, आणि त्याहून विद्यार्थिनीस, साहाय्य मिळाले तर ते सत्कारणी लागेल.

दगड मुका असतो, असे आपण म्हणतो. पण ज्याने ६ कोटी वर्षे आपली साक्ष जपून ठेविली, त्यास मुका कसे म्हणावे? त्याची भाषा शिकणारी माणसे आपल्या घरांतून निघोत, एवढी आमची इच्छा आहे.