टेलिफोनची जुनी तार जाताना
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात आरतीनंतर केलेले भाषण)

विश्वस्तांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. प्रसाद गार होऊ देणार नाही.

मी या देशात आयुष्यभर टेलिफोनच्या आणि संगणकाच्या केबल ओढल्या. आपल्या घरातला जुना फोन तांब्याच्या दोन बारीक तारांवर चालतो. सुतळी वळावी तशा त्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. शेजारच्या विजेच्या वायरीची घरघर मग दोघींत सारखीच शिरते, आणि फोन फक्त दोघींमधला फरक ऐकत असल्याने ती आपोआप गळून पडते. ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली याचे पेटंट घेतले. आपल्या ऑफिसातल्या संगणकाच्या केबलमध्ये अशाच चार जोड्या असतात. प्रत्येकीचा पीळ कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एकीचे बोलणे दुसरीत जात नाही.

पण त्या जोडीने आणखी एक काम केले, ते फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. फोनला लागणारी वीज, सुमारे ५० व्होल्ट, एक्स्चेंजमधून त्याच तारांतून येत असे. घरातले दिवे गेले तरी वायरचा साधा फोन चालू!

ही जुनी सेवा जानेवारी २०२७ अखेर ब्रिटनभर बंद होणार आहे. यापुढे फोन राउटरमधून चालेल, आणि राउटरला घरची वीज लागते. वीज गेली की ९९९ सुद्धा लागणार नाही.

आपल्यापैकी बरेच जण एकटे राहतात. काहींच्या गळ्यात मदतीचे लाल बटण आहे. ते बटण थेट मदत केंद्राशी बोलत नाही. ते घरातल्या डब्याला सांगते आणि डबा फोन लावतो. जुना डबा नव्या लाइनवर चालेलच असे नाही. म्हणून फोन कंपनीला आणि बटण देणाऱ्या संस्थेला, दोघांनाही आधी कळवा. बदल झाल्यावर बटण दाबून बघा. "उगाच त्यांना त्रास कशाला" असे म्हणू नका, चाचणी करणे हे त्यांचेच काम आहे.

घरच्या फोनवरच अवलंबून असणाऱ्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय कंपनीने फुकट द्यायची, असा नियम आहे. बॅटरी विकत आणण्याआधी ती मागून घ्या. आणि "लाइन बदलायची आहे, बँकेचा तपशील सांगा" असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. मुलाला, सुनेला विचारा. कुणी नसेल तर आम्हाला विचारा.

तरुण मंडळींना विनंती: महिन्यातला एक शनिवार द्या. दोघा-दोघांनी ज्येष्ठांच्या घरी जायचे, फोन आणि बटण तपासायचे, गरज असेल तर कंपनीशी त्यांच्या शेजारी बसून बोलायचे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना साधा, मोठ्या आकड्यांचा फोन कल्याण निधीतून देऊ. त्यासाठी यथाशक्ती देणगी द्यावी.

नावनोंदणीचे कागद चपलांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर आहेत. मोठ्या अक्षरांत छापले आहेत, चष्मा विसरला असेल तरी चालेल.