दारापर्यंत सोबत
(मंडळाच्या गणेशोत्सवात मदत समितीच्या वतीने केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवसांत अडचणींचा विषय काढणं थोडं अवघड वाटतं. पण चार माणसं एकत्र जमून चार गरजेच्या गोष्टी बोलावीत, यासाठीच तर सार्वजनिक गणेशोत्सव असतो. म्हणून मदत समितीतल्या आम्हां मंडळींना ही दहा मिनिटं दिलीत, त्याबद्दल आधी आभार.

इंदुरात आपल्यापैकी कित्येकांची ही चौथी-पाचवी पिढी. शाळेत, बँकेत, गिरणीत, कचेरीत नोकऱ्या करून आपण घरं उभी केली. त्यामुळे 'आमचं छान चाललंय' हे वाक्य आपल्या तोंडात पक्कं बसलंय. जुन्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या काकू रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतात, पण हळदीकुंकवाला कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. अशी घरं आपल्यात आहेत, आणि ती तुम्हांलाही ठाऊक आहेत.

आपल्या पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यातून किती मुलं शिकली! पण वाढणाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून अर्धपोटी उठलेलीही पुष्कळ असतील. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. अशा संस्था उभ्या राहिल्या तेव्हा मुलांची सोय कुणाच्या मर्जीवर राहिली नाही. आम्हांला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मदत मर्जीवर नसावी, ती हक्काची असावी.

आज असे हक्क बरेच आहेत. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. मात्र रुग्णालय योजनेतलं हवं आणि रुग्ण भरती झालेला हवा. बाहेरून तपासून घेतलं, औषधं आणली, तर तो खर्च यात बसत नाही. कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावं.

कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर १९८७ च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००. मन फार खचलं असेल तर टेलिमानस, १४४१६. ज्येष्ठांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८. शिवाय दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असतेच. हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा, ही विनंती.

मग अडतं कुठे? अडतं ते दारापर्यंत पोचण्यात. समग्र आयडीत नाव एक, आधारवर दुसरं. बोटाचे ठसे उमटत नाहीत. 'सर्व्हर डाउन है, कल आइए' ऐकून म्हातारा माणूस रिक्षाचं भाडं भरून घरी येतो आणि पुन्हा जातच नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे, रांगेत ओळखीचं कुणी दिसलं तर काय वाटेल, हा संकोच.

एकट्या माणसाला हक्क किती जड जातो, हे या शहराने पाहिलंय. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कितीतरी कामगार निघून गेले होते. तरी पैसे सुटले, कारण मागे राहिलेल्यांनी एकमेकांची साथ सोडली नाही.

म्हणून मंडळाने पैसे वाटण्याआधी सोबत द्यावी, असं आमचं म्हणणं आहे. एक उदाहरण देतो. मुलं सांभाळत नाहीत, अशी वेळ आलेल्या आईवडिलांसाठी २००७ चा कायदा आहे. अर्ज न्यायाधिकरणाकडे करायचा, आणि तिथे वकील लावावा लागत नाही. ज्यांना स्वतः जाणं जमत नाही, त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. आपलं मंडळ नोंदणीकृत आहे. म्हणजे हे काम करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, वापरायचा की नाही एवढंच ठरवायचं आहे. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला कुठल्याच आईचं मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. पुष्कळदा मंडळाची दोन वडीलधारी माणसं घरी जाऊन बसली तरी गोष्ट मिटेल. पण नाही मिटली, तर ती आई एकटी पडू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाची खोली याच कामासाठी उघडी ठेवावी. कचेऱ्यांची माहिती असलेल्या निवृत्त सभासदांनी महिन्यातले दोन दिवस द्यावेत, आणि ऑनलाइन अर्ज भरायला तरुण मंडळींनी सोबत बसावं. आणि वर्गणीतली ठरावीक रक्कम दरवर्षी बाजूला काढावी. ती रिक्षाभाडं, झेरॉक्स, औषधं अशा लहान खर्चांसाठी असेल. अर्ज मंजूर होईपर्यंत माणसाला तग धरता आला पाहिजे.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. ज्यांना मदत होईल त्यांचं नाव अहवालात यायचं नाही, धनादेश देतानाचा फोटो निघायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा व्हायची नाही. हिशेब तपासनीसाला दाखवू, नावं कुणालाच नाही. आज वर्गणी देणाऱ्या घरावर उद्या तीच वेळ येऊ शकते, आणि त्या घराला मांडवात पूर्वीसारखंच ताठ मानेने येता आलं पाहिजे.

विसर्जनानंतर पहिल्याच सभेत हा ठराव येणार आहे. तेव्हा हात वर कराच. पण त्याआधी, आज घरी जाताना, आरतीला नेहमी येणारं आणि यंदा न दिसलेलं एखादं माणूस आठवून पाहा. उद्या सकाळी प्रसाद घेऊन त्यांच्याकडे जा आणि थोडा वेळ बसा.

गणपती बाप्पा मोरया!