पुस्तकाचे वय
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज येथे बोलण्यास आम्हांस पाचारण केले, याबद्दल कार्यकारी मंडळाचे आम्ही आभारी आहोत. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शिक्षकाने संगणकाच्या डेटाबेसवरील पुस्तकांविषयी बोलावे, हे कित्येकांस विनोदी वाटेल. तथापि संस्थेच्या पुस्तकपेढीचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे, आणि त्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. ती आपल्यासमोर मांडावी, म्हणूनच आम्ही हा विषय निवडला.

डेटाबेस म्हणजे काय, हे प्रथम सांगावयास हवे. शाळेतील जनरल रजिस्टर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक, त्यापुढे नाव, जन्मतारीख, पत्ता. हजेरीपत्रकात आणि फीच्या वहीत पुन्हा सगळा पत्ता लिहीत बसले, तर घर बदलल्यावर एका वहीत नवा आणि दुसऱ्या वहीत जुना पत्ता राहतो. म्हणून पत्ता एकाच ठिकाणी लिहावा, आणि इतर वह्यांनी रजिस्टर क्रमांकावरून तो शोधावा. माहितीचे असे तक्ते करून ते परस्परांशी जोडण्याची शास्त्रशुद्ध मांडणी आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात केली. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी त्याच कंपनीतील चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ च्या सुमारास जी भाषा रचली, तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. आज बँकेतील खाते असो वा दुकानाचा हिशेब, त्यामागे बहुधा हीच व्यवस्था असते. म्हणून आपल्या मुलामुलींना नोकरीसाठी ती शिकावी लागते.

आता आमच्या चुकीकडे वळतो. एका दानशूर सभासदाने पुस्तकपेढीस रक्कम दिली, तेव्हा आम्ही पुण्यास अप्पा बळवंत चौकात जाऊन पीएचपी व मायएसक्यूएल शिकविणाऱ्या एका पुस्तकाच्या सहा प्रती आणल्या. पान उलटून पाहिले, २०१९ हे साल दिसले. मनाशी म्हटले, नवेच आहे. त्यातील एक प्रत बी.सी.ए.चा अभ्यास करणाऱ्या, आपल्याच एका कुटुंबातील कन्येने नेली.

पंधरा दिवसांनी ती आली. म्हणाली, “गुरुजी, पहिल्याच धड्यापासून अडले आहे. संगणक म्हणतो, असे फंक्शनच नाही.” आम्ही काय उत्तर दिले असेल? जे आयुष्यभर वर्गात देत आलो तेच! “बाळ, पुन्हा नीट वाच, अक्षर चुकले असेल.” ती निमूटपणे परत गेली. आणखी आठवड्याने तिचे वडील भेटले व म्हणाले, “मुलगी म्हणते, हे शिक्षण माझ्या आवाक्यातले नाही; मी सोडून देते.”

तेव्हा मात्र आम्ही अस्वस्थ झालो. तिच्या घरी गेलो आणि पुस्तक उघडून तिच्या शेजारी बसलो. एकेक अक्षर ताडून पाहिले. मुलीची एकही चूक नव्हती. अखेर शीर्षकपृष्ठाच्या मागील पान चष्मा लावून वाचले. “प्रथमावृत्ती २००९, पुनर्मुद्रण २०१९.” म्हणजे साल तेवढे नवे छापलेले, आतील मजकूर दहा वर्षांपूर्वीचा. त्या पुस्तकात मायएसक्यूएलशी जोडणी करण्याची जी पद्धत होती, ती टाळावी अशी सूचना पीएचपीच्या कर्त्यांनी २०१३ साली दिली, आणि २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या सातव्या पीएचपीतून ती साफ काढूनच टाकली. मुलीच्या संगणकावर आठवी होती. पुस्तक चुकले होते आणि दोष आम्ही मुलीला दिला होता. त्या दिवशी आम्ही तिची क्षमा मागितली.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील हा भेद शाळामास्तराला तरी ठाऊक असावयास हवा होता. आवृत्ती बदलली म्हणजे लेखकाने मजकुरास हात लावला. पुनर्मुद्रणात फक्त कागद नवा. परंतु या विषयात तेवढेही पुरत नाही. पुस्तक कोणत्या साधनाच्या कितव्या रूपावर लिहिले आहे, हे प्रस्तावनेत शोधावे आणि आपल्या संगणकावरील रूपाशी ताडून पाहावे. प्रस्तावनेत ते सापडलेच नाही, तर आमच्या मते ते पुस्तक दुकानातच ठेवावे.

जुन्या पुस्तकातील आज्ञा चालेनाशी झाली, तर संगणक ओरडून सांगतो. याहून मोठी हानी निराळीच आहे. जे त्या पुस्तकात आलेच नाही, त्याविषयी कोणीच सांगत नाही. मायएसक्यूएलच्या २०१८ सालच्या ८.० या रूपात विंडो फंक्शन्स आली. वर्गातील प्रत्येक तुकडीत गुणानुक्रम लावावयाचा, आणि तरीही प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ जशीच्या तशी ठेवावयाची, असे काम त्यांनी सुलभ होते. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात, असे आमची नोकरीस लागलेली मुले सांगतात. अॅलन ब्यूल्यू यांचे ‘लर्निंग एसक्यूएल’ हे पुस्तक पाहा. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा भाग नाही. २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नाव एक, लेखक एक. पण पदपथावर स्वस्त मिळाली म्हणून दुसरी आवृत्ती घेणारा विद्यार्थी मुलाखतीत गप्प बसतो.

मग जुनी पुस्तके सर्वस्वी टाकाऊ काय? मुळीच नव्हे. तक्ते कसे पाडावेत, एकच माहिती दोन ठिकाणी का लिहू नये, दोन माणसांनी एकाच क्षणी एका खात्यास हात लावला तर काय होते, ही तत्त्वे फारशी बदललेली नाहीत. सिल्बरशाट्झ, कोर्थ व सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९८६ ची, सातवी २०१९ ची. यांतील सुदर्शन यांनी पवईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट. या ग्रंथाची एखादी मागील आवृत्ती मिळाली, तरी तत्त्वांपुरती ती खुशाल वाचावी. थोडक्यात, तत्त्वाचे पुस्तक जुने चालेल, हत्याराचे चालणार नाही.

हाताने करून शिकावयाचे, तर पोस्टग्रेस हे साधन आम्हांस अधिक सोयीचे दिसले. त्याचे नवे रूप साधारणतः दरवर्षी येते, प्रत्येकास पाच वर्षे आधार मिळतो, आणि प्रत्येक रूपाची स्वतंत्र मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध असते. तीत पाठ्यपुस्तकाचा जिव्हाळा नाही, हे खरे. नवशिक्याने तेवढ्यावर विसंबू नये. सोबत अँथनी डिबॅरोस यांच्या ‘प्रॅक्टिकल एसक्यूएल’ची २०२२ ची दुसरी आवृत्ती ठेवावी. अडले की आधी मार्गदर्शिकेत पाहावे, आणि मगच स्वतःच्या बुद्धीवर शंका घ्यावी.

या अनुभवानंतर पुस्तकपेढीचे कपाट आम्ही रिकामे केले. व्हिज्युअल फॉक्सप्रोवरील पुस्तकांचा अख्खा खण निघाला. त्याचे शेवटचे रूप २००४ सालचे, आणि कंपनीचा आधारही २०१५ साली संपला. देणाऱ्यांची भावना थोर होती. पण ती पुस्तके विद्यार्थ्याच्या हाती देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्या सहा प्रतीही बाजूस काढल्या आणि त्यांची किंमत दात्याच्या देणगीत आमच्या निवृत्तिवेतनातून भरली. उरलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी चिकटविली आहे. तीवर आवृत्तीचे साल आणि साधनाचे रूप लिहिले आहे. चिठ्ठ्यांचे हे काम त्याच कन्येने केले. तिने शिक्षण सोडले नाही. दर रविवारी सकाळी ती कार्यालयात येते आणि नवी आलेली पुस्तके तपासून मगच कपाटात लावते.

ज्या सभासदांना पुस्तके द्यावयाची असतील, त्यांनी कृपा करून शीर्षकपृष्ठाच्या मागील पानाचे छायाचित्र आधी कार्यालयाकडे पाठवावे.