डॉक्टर मित्र गप्प का बसतो?



संयोजकांनी ‘आरोग्यावर चार शब्द बोल’ असं सांगितलं. रक्तदाब आणि साखर यांवर आपल्या ग्रुपवर रोजच व्याख्यानं होतात, म्हणून मी वेगळा विषय घेतो.

दवाखाना गावातच असल्यामुळे मला तुमचे फोन येतात. ‘अरे, अमका तुझ्याकडे येतो ना? काय झालंय त्याला?’ किंवा ‘मुलीला स्थळ आलंय, मुलगा तुझाच पेशंट आहे. काही आजार नाही ना?’ मी उत्तर टाळतो आणि काहीजण रुसतात.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार, व्यवसाय करताना कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही. अपवाद मोजके आहेत : न्यायालयात न्यायाधीशांचा आदेश, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. क्षयरोगाचा रुग्ण आढळला, तर २०१२ पासून खासगी डॉक्टरनेही तो आरोग्य यंत्रणेला कळवायचा असतो. यंत्रणेला, शेजाऱ्याला नव्हे! ‘काळजी वाटते म्हणून’ हा अपवाद त्या यादीत नाही.

हा नियम नुसता कागदी नाही. क्षय औषधांनी बरा होतो. पण बातमी फुटेल या धास्तीने माणूस दवाखान्याची पायरीच चढला नाही, तर औषध द्यायचं कुणाला?

म्हणून मित्राची काळजी वाटली, तर फोन त्यालाच करा. स्थळाचं म्हणाल, तर मुलामुलीने एकमेकांशी मोकळेपणाने बोलावं. हवं तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे यावं. स्वतःची कागदपत्रं मात्र हक्काने मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावीत, असं तेच नियम सांगतात.

एक विनंती आपल्या ग्रुपसाठी. कुणाला मदत हवी असली की नाव, वय, आजार यांसकट अख्खा रिपोर्ट फिरतो. आधी त्या मित्राला विचारा. किती पैसे हवेत आणि कुठे भरायचे, एवढं कळलं तरी आपली मुलं मदत करतात, हे आपण पाहिलंय.

आणि मी गप्प बसलो, तर रुसू नका. तुमच्याबद्दल कुणी विचारतं, तेव्हाही मी असाच गप्प बसतो.