उमेदवार निवडतो कोण?

(गांवच्या वाचनालयांत दिलेलें भाषण)



निवडणूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मतदानाचा दिवस उभा राहतो. शाळेपुढची रांग, बोटाची शाई आणि यंत्रावरचीं चिन्हें. आम्ही मास्तर लोक त्या दिवशीं टेबलापलीकडे बसलेले असतों, म्हणून ती रांग आम्हांला समोरून दिसते. म्हातारींकोतारीं माणसें उन्हांतून येतात, बटण दाबतात आणि आपण राज्याचे धनी झालों अशा समाधानानें घरीं जातात. पण त्या यंत्रावर हीं नांवें आलीं कोठून? तीं घातलीं कोणीं? हें विचारण्याचें धन्याला सुचत नाहीं, आणि ज्यांनीं घातलीं त्यांना तर तें त्याला कधींच सुचूं नये असें वाटतें. आज आम्हांला बोलावयाचें आहे तें ह्या आधींच्या निवडणुकीविषयीं.

अमेरिकेंत तिला प्रायमरी म्हणतात. आपण तिला पहिली फेरी म्हणूं. तेथें राज्याच्या कायदेमंडळाच्या एका जागेसाठीं एकाच पक्षाचे चारपांच इच्छुक असले, तर तिकीट कोणाला हें बहुतेक ठिकाणीं पुढारी बंद खोलींत ठरवीत नाहींत. मतदारच पहिल्या फेरींत मतें देऊन ठरवितात. टेक्सास राज्यांत तर निम्म्याहून अधिक मतें कोणालाच न पडलीं तर पहिल्या दोघांची पुन्हां झुंज लावतात. ऐकावयास फार गोड आहे. परंतु ह्याच गोड फेरीचा उपयोग त्याच टेक्सासांत कसा झाला तो ऐका.

जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामी नाहींशी करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें, हें आपणांस ठाऊक आहे. गुलामी १८६५ त गेली, १८७० त वर्णावरून मत नाकारूं नये असें घटनेंत लिहिलें गेलें. आतां दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचें प्राबल्य एवढें झालें कीं, त्याचा उमेदवार नोव्हेंबरांत निवडून येणारच. म्हणजे खरी निवडणूक पहिल्या फेरींतच आटोपे. मग गोऱ्या पुढाऱ्यांनीं काय केलें? नोव्हेंबरचें दार किलकिलें ठेवलें आणि आधींच्या फेरीचें दार लावून घेतलें. १९२३ सालीं टेक्सासनें कायदाच केला कीं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या फेरींत काळ्या माणसानें मत देतां कामा नये.

एल पासो शहरचे डॉक्टर निक्सन ह्यांनीं फिर्याद केली. १९२७ त वरिष्ठ कोर्टानें तो कायदा रद्द केला. लगेच कायदेमंडळानें तो अधिकार पक्षाच्या कमिटीला दिला. हेच डॉक्टर पुन्हां कोर्टांत गेले आणि १९३२ त पुन्हां जिंकले. तेव्हां पक्षाच्या परिषदेनें आपला आपण ठराव केला: आमचा पक्ष ही खाजगी संस्था, सभासद कोणाला करावें ही आमची मर्जी. आणि १९३५ त कोर्टानें हें म्हणणें मान्य केलें! पुढें ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ ह्यांनीं दावा लावला, थर्गुड मार्शल ह्यांनीं तो लढविला, आणि १९४४ त आठ विरुद्ध एक अशा मतानें कोर्टानें आपलाच निकाल फिरविला. जी फेरी राज्याचा उमेदवार ठरविते ती खाजगी नव्हे, असें ठरलें.

तरी संपलें नाहीं. टेक्सासांतल्या फोर्ट बेंड ह्या कौंटींत, म्हणजे जिल्ह्यांत म्हणा, जेबर्ड नांवाचें गोऱ्यांचें एक मंडळ १८८९ पासून होतें. तें पहिल्या फेरीच्याहि आधीं आपली एक फेरी घेई, आणि तींत जिंकलेला गडी पुढें बहुधा बिनविरोध जाई. आम्ही सरकार नव्हे, पक्षहि नव्हे, आम्ही नुसते चार मित्र, असा त्यांचा बचाव. तो मोडावयास १९५३ साल उजाडलें.

बंधूंनो, हा "खाजगी" शब्द आपल्या ओळखीचा आहे. १९२३ सालींच आपल्याकडे बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलांत पास होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२७ त महाडास अस्पृश्य बंधू चवदार तळ्याचें पाणी प्याले, तर तळें खाजगी आहे म्हणून सवर्णांनीं दावा ठोकला. तो हायकोर्टांत निकालीं निघावयास १९३७ साल लागलें. उघड अन्याय करण्याची सोय उरली नाहीं कीं अन्याय खाजगी होतो.

दार उघडल्यावर तरी काळे लोक लगेच निवडून आले काय? नाहीं. ह्यूस्टनच्या बार्बरा जॉर्डन ह्यांचें उदाहरण पाहा. बाप गोदामांत काम करी व धर्मोपदेशकहि होता. मुलगी बोस्टनला जाऊन वकील झाली. १९६० च्या निवडणुकींत तिनें आपल्या वस्तींत आळीआळीला माणूस नेमून मतदार बाहेर काढले. १९६२ सालीं ती राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठीं पहिल्या फेरींत उभी राहिली आणि पडली. १९६४ त पुन्हां उभी राहिली, पुन्हां पडली. तिच्या वस्तीनें तिला टाकलें म्हणून नव्हे. ती जागा सबंध हॅरिस कौंटीच्या मतांवर निवडली जाई, त्या समुद्रांत तिच्या वस्तीचीं मतें विरून जात. पुढें लोकसंख्येच्या मानानें मतदारसंघ आंखावे असा कोर्टाचा निकाल झाला, नवे मतदारसंघ पडले. गरिबाला मतापासून दूर ठेवणारी डोईपट्टीहि १९६६ त राज्याच्या निवडणुकींतून गेली. त्याच वर्षीं मे महिन्यांत जॉर्डनबाई सीनेटच्या जागेसाठीं पहिल्या फेरींत उतरल्या आणि एका गोऱ्या आमदाराला हरवून निवडून आल्या. १८८३ नंतर त्या सभागृहांत बसलेली ही पहिली काळी व्यक्ति. ३१ सभासदांत ती एकटीच बाई. माणूस तोच, वस्ती तीच. बदलली ती रेघ.

आणि ही फेरी आपल्याला परकी आहे असें समजूं नका. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें कराराप्रमाणें प्रांतिक कायदेमंडळांतील दलितांच्या राखीव जागांसाठीं आधीं एकट्या दलित मतदारांनीं चार जण निवडावयाचे, आणि मग त्या चौघांतून सर्व हिंदु मतदारांनीं एक निवडावयाचा, अशी पद्धति होती. १९३७ व १९४६ च्या निवडणुका तशाच झाल्या. डॉ. आंबेडकरांची तक्रार अशी कीं, पहिल्या फेरींत दलितांनीं ज्याला पहिला केला तो दुसरींत सवर्णांच्या मतांनीं पडूं शकतो, आणि चौथा निवडून येऊं शकतो. तक्रार वाजवी होती. टेक्सासांत पहिली फेरी काढून घेतली होती. येथें पहिली दिली आणि दुसरींत तिची किंमत काढून घेतली.

आतां आपल्या घरचें बोलूं. आम्ही नोकरींतले मास्तर, आम्हांला कोणाचा प्रचार करावयाचा नाहीं, म्हणून सर्वच पक्षांविषयीं बोलतों. आज आपल्याकडे अशी फेरीच नाहीं. २०१४ त काँग्रेसनें लोकसभेच्या थोड्या जागांसाठीं, आपल्याकडे वर्धा व लातूर येथें, तसा प्रयोग केला, तोहि पक्षाच्या कार्यकर्त्यांपुरता. एरव्हीं तिकीट मुंबईस नाहीं तर दिल्लीस ठरतें, आणि गांवाला तें वर्तमानपत्रांतून कळतें. एके काळीं आम्ही ओरडत होतों कीं मूठभर वरच्या जाती सर्व जागा बळकावून बसल्या. तें ओरडणें खरें होतें. पण आज खोलीची किल्ली पुष्कळ ठिकाणीं बहुजनसमाजाच्याच पुढाऱ्यांच्या कमरेला आहे. आणि तींतून बाहेर कोण येतो? मुलगा, पुतण्या, सून. लहान जातींतला कार्यकर्ता वीस वर्षें सतरंज्या उचलतो आणि त्याला सांगतात, पुढल्या खेपेला पाहूं. आम्ही मात्र "आपल्या जातीचा आहे ना, मग झालें" म्हणून गुलाल उधळतों. फोर्ट बेंडचे ते चार मित्र आमच्या आळींतहि राहतात, आणि ते आमचे सोयरे आहेत.

कोणी म्हणेल, मास्तर, पहिली फेरी आणली तर पैसेवालाच जिंकेल. खरें आहे, अमेरिकेंतहि तिला पैसा लागतो, आणि ह्या फेरीला नोव्हेंबरापेक्षां फार थोडे लोक येतात. परंतु आज बंद खोलींत पैसा चालत नाहीं असें म्हणणाऱ्यानें हात वर करावा.

कायदा होईल तेव्हां होवो. पुढली विधानसभा येईल त्याच्या सहा महिने आधीं, ज्या ज्या पक्षाचे जे जे इच्छुक असतील त्या सर्वांना ह्याच वाचनालयांत एका सतरंजीवर बसवावें. महारवाडा, धनगरवाडा, माळीआळी, सर्वांच्या बायाबापड्यांनीं पुढें बसावें. पाण्याचें काय, शाळेचें काय, गेल्या पांच वर्षांत कोठें होतां, हें तोंडावर विचारावें. मग हात वर करून मोजणी घ्यावी आणि ती लिहून पक्षांच्या कचेऱ्यांना पाठवावी. ते मानतील न मानतील. पण मोजणी करून पाठविलेल्या गांवाला तिकीट ठरल्यावर जाब मागतां येतो. न पाठविलेल्याला तोहि मागतां येत नाहीं. यादी करण्याचें काम दोघांनीं आजच अंगावर घेतलें तर बरें. आतां कोणाला कांहीं शंका असतील त्या विचाराव्या.